सहा वर्षांची गादी

"सहा वर्षांची दाखवा!"

उल्हासनगरच्या गादीवाल्यासमोर चिंतामणींनी असं ठणकावून सांगितलं, आणि वृंदाला वाटलं, शेजारच्या उशांच्या ढिगात तोंड खुपसून घ्यावं!

"साईं, गॅरंटी दस साल की है," सिंधी दुकानदार कळवळून म्हणाला. "छह साल वाला कंपनी बनाताच नहीं."

"मग चार वर्षांचे पैसे कमी करा!"

छत्तीस वर्षांच्या संसारात वृंदानं नवऱ्याकडे मागून मागून काय मागितलं होतं, तर एक गादी! जुन्या गादीला मधोमध असा खड्डा पडला होता की सकाळी उठताना दोघांना एकमेकांचा आधार घेऊन वर चढून यावं लागे... पण गादी आली नाही. दोघं बदलापूरला परतायला निघाले. तिच्या मनात राग होताच, पण रागाहून मोठी होती उत्सुकता. सहाच का? पाच का नाही, सात का नाही?

मग तिला एकेक आठवायला लागलं. दाताच्या डॉक्टरांनी पक्की कॅप सुचवली, तर हे म्हणाले, "तात्पुरतीच बसवा." सोसायटीत फणस लावायचं ठरलं, तर यांनी विचारलं, "फळ कधी धरतं?" कुणीतरी म्हणालं, सातेक वर्षांनी. त्यावर हे असं काही करुण हसले आणि वृंदाला म्हणाले, "तू खा हो पोटभर..."

काही दुर्धर आजार तर नाही ना? तिनं त्यांचं कपाट उचकलं. अॅसिडिटीच्या गोळ्या निघाल्या, बस्स!

चिंतामणींचा धंदा म्हणजे लोकांच्या म्हातारपणाची आखणी. रविवारी सकाळी बदलापुरातच, शिरगावातल्या सोसायटीच्या हॉलमध्ये, भिंतीवर वृंदाचीच पांढरी चादर ताणून ते व्याख्यान देत. स्वतः पासष्टचे, पण निवृत्त व्हायचं नाव नाही.

"महागाई म्हणजे घरातला उंदीर! दिसत नाही, पण पोतं हलकं होत जातं," त्या रविवारी ते सांगत होते. "एफडीवर विसंबून राहू नका. आणि आयुष्य नव्वद धरा, नव्वद! माणसाच्या आधी पैसा मरता कामा नये! आता एका घराचा तक्ताच बघू..."

आणि त्यांनी लॅपटॉपवर भलतीच फाईल उघडली.

चादरीवर भलीमोठी अक्षरं उमटली. पहिल्या रांगेतले भीमराव, अंबरनाथच्या बुवापाड्याहून खास आलेले, चष्मा सारखा करून मोठ्यानं वाचू लागले, "चिंतामणी. वय एकाहत्तर. मे महिना. खर्च बंद... सर, खर्च बंद म्हणजे? तुम्ही वारणार का काय?"

चहाचा ट्रे घेऊन येणारी वृंदा दारातच थिजली.

"पण मे महिनाच का?" मागून कुणीतरी विचारलं.

व्याख्यानात आलेला प्रश्न अनुत्तरित ठेवायचा नाही, ही चिंतामणींची जन्माची सवय. "मार्चला मार्चएंड, जुलैला रिटर्नची गर्दी," ते बोलून गेले. "मे तसा मोकळा असतो."

पासष्ट आणि सहा, एकाहत्तर! वृंदाच्या डोक्यात गादी, दात, फणस सगळं एकदम उजळलं, आणि ट्रेमधले कप किणकिणायला लागले.

"अहो... मला न विचारता मेलात?"

"अगं, ऐक तरी! दोघांना नव्वद धरलं की तू एकोणऐंशीला उघडी पडतेस. रात्रंदिवस आकडे फिरवले. मग माझीच वर्षं कमी करत आलो... पंच्याऐंशी, ऐंशी, पंचाहत्तर... एकाहत्तरला सगळं हिरवं झालं, वृंदा! तू ब्याण्णवपर्यंत सुखात!"

"वा! आणि मी खड्ड्यात एकटी झोपू?"

"चूक माझीच आहे गं..." समोर चाळीस माणसं बसलीयत हेही ते विसरले. "आई अंथरुणाला खिळली तेव्हा तुझी शाळेतली नोकरी मीच सोडायला लावली. म्हटलं, पेन्शन ती काय, मी त्याच्या दुप्पट करून देईन! साऱ्या गावाला जमवून दिलं, तेवढं एक मला जमलं नाही..."

बावीस वर्षं! बावीस वर्षं तिनं हे शल्य उराशी जपलं होतं, ह्या एका वाक्याची वाट बघत... आणि ते आलं, तर नवऱ्याच्या मरणाची तारीख सोबत घेऊन, तिच्याच चादरीवर! तिला रडू फुटलं, आणि त्या रडण्यातच मेलं हसूही यायला लागलं.

ट्रे खाली ठेवून ती थेट लॅपटॉपपाशी गेली. "कुठं दाबायचं?"

त्यांनी बोटानं दाखवलं. एकाहत्तर खोडून तिनं नव्वद केले. तिच्या एकोणऐंशीपासून खालपर्यंत चादर लालभडक! हॉलमधून "अरेरे" निघालं.

"घाबरू नका, वहिनी," भीमराव उठले. "सरांनी माझाबी असाच तक्ता काढला होता. सत्तरला लाल. आता अठ्ठ्याहत्तर चालू आहे."

"मग... पैसा संपला नाही?"

"संपला की! एक खोली भाड्यानं दिली, आणि लाज सोडून पोरीकडं मागितलं. सर हुशार आहेत, पण ह्यांच्या तक्त्यात मागायचा रकानाच नाही."

वृंदानं नवऱ्याकडे बघितलं. "आई जाऊन चौदा वर्षं झाली. एकदा तरी विचारलंत, वृंदा, पुन्हा शिकवशील का? स्वतः मरायला तयार, पण बायकोला विचारायला नाही! लिहा. शिकवण्या. पुढच्या महिन्यापासून."

त्यांनी लिहिलं. लाल रंग सरकत सरकत चौऱ्याऐंशीवर जाऊन थांबला.

"पुढचं अजून लालच आहे गं..."

"चौऱ्याऐंशीचं मी चौऱ्याऐंशीला बघीन! तोवर तुम्ही दाताची पक्की कॅप बसवा."

चिंतामणींनी मान खाली घातली, आणि भर हॉलमध्ये त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं...

संध्याकाळी दोघं पुन्हा गादीवाल्याकडे. दुकानदारानं त्यांना बघून आधी कपाळच धरलं.

"पंधरा वर्षांची आहे का हो?" चिंतामणींनी हळूच विचारलं.

"साईं, दस के आगे कोई नहीं देता! दस साल बाद आ जाना, नई ले जाना."

"येतो," वृंदा म्हणाली, आणि नवऱ्याचं मनगट घट्ट धरलं. "दोघं येतो. लिहून ठेवा!"