अर्धं अधिक एक तृतीयांश

विश्वास ठेवा नाहीतर सोडून द्या, पण हे माझ्या डोळ्यांदेखत घडलंय. शनिवारची संध्याकाळ, वृद्धाश्रमाचं स्वयंपाकघर. मी तिथे कोठी सांभाळते. माझी सख्खी मावशी तिथेच स्वयंपाक करते.

मावशीच्या हाताला चव आहे. डोक्यात हिशेब नाही.

दोन सारखी पातेली, दोन्हींच्या आत सहा समान रेघा. एकात भोपळ्याचं सूप अर्धं, म्हणजे तिसऱ्या रेघेपर्यंत. दुसऱ्यात एक तृतीयांश, म्हणजे दुसरीपर्यंत.

"एकत्र केलं की किती भरेल?" व्यवस्थापक बाईंनी विचारलं.

"वर एक नि एक दोन, खाली दोन नि तीन पाच. दोन पंचमांश!" मावशी ठणकावून म्हणाली.

"अहो मावशी, अर्ध्यात भर घातली की अर्ध्याहून कमी होतं होय? आधी छेद सारखे करा. तीन षष्ठांश नि दोन षष्ठांश, पाच षष्ठांश. रोज सूप कमी पडतं, ते कोणाच्या घरी जातं ते कळतंय मला. आज पाचवी रेघ भरली नाही, तर उद्यापासून घरी बसा."

मावशीचा चेहरा पडला. तिच्या पगारावरच घर चालायचं.

तिने एक पातेलं दुसऱ्यात रिकामं केलं. थेंबही सांडला नाही. पाचवी रेघ भरली.

आणि मग...

लप्. लप्. लप्.

पातेल्यात कोणी नव्हतं. सूप मात्र खाली चाललं होतं.

चौथी रेघ उघडी पडली... तिसरी...

अडीचच्या जरा खाली थांबलं. बरोब्बर दोन पंचमांश.

"बघा! मी काय म्हणत होते?" मावशी म्हणाली. तशाही वेळी!

उघड्या पडलेल्या भागावर पांढुरकी लाळ होती. कोमट. तार धरून सुपात ओघळणारी. किडक्या दातांचा वास आला.

"ओतून टाकू," मी म्हणाले.

"आणि म्हाताऱ्यांना काय वाढू, तुझं डोकं?" बाई मागे सरकत म्हणाल्या. "ढवळा, मावशी. वाढा. नोकरी राहिली तुमची. तोंड तेवढं बंद ठेवा."

मावशीने ढवळलं. सवयीने चमचाभर चाखलं. "मीठ बरोबर आहे," म्हणाली.

एरवी निम्म्या वाट्या भरलेल्याच परत येतात. त्या दिवशी सगळ्या लख्ख आल्या...

आतून चाटलेल्या. काठाला जाड, चिकट तार.

मावशीची नोकरी टिकली. त्या आनंदात तिने मला उद्या जेवायला बोलावलंय. भोपळ्याचं सूप करीन, स्वतःच्या हाताने भरवीन म्हणते.

काय कारण सांगून टाळू... सुचत नाहीये.