रिकाम्या घरातली भाडेकरू

तुम्ही कधी रिकाम्या घरात माणूस मांडलाय का, भातुकलीत मांडतात तसा?

दोघी जावांनी मांडला होता. राहतं घर बँकेकडे गहाण ठेवून त्यांनी भाड्याने द्यायला दोन खोल्या घेतल्या, जिन्याच्या अगदी टोकाला. स्वतःच्या नावावरचं पहिलंच घर, त्यामुळे दोघींचे पाय जमिनीवर नव्हते. पण पहिला भाडेकरू सोडून गेला आणि दुसरा काही मिळेना. त्यातच विमा कंपनीच्या माणसाचा फोन आला, उद्या सकाळी घर बघायला येतो म्हणून. फार दिवस बंद पडलेल्या घराचा विमा कंपनी रद्द करते, आणि विमा गेला की बँक सगळं कर्ज एकदम मागते. मग राहत्या घरावरही पाणी सोडायचं.

"भाडेकरू आहे असं दाखवू," धाकटी म्हणाली. "बाई कामावर गेल्यात म्हणायचं."

"खोटं बोलताना तुझे कान लाल होतात गं."

"मग ताई, बोलायचं काम तुमचं. मांडायचं माझं."

दिवेलागणीला दोघी पिशव्या घेऊन वर चढल्या. धाकटीला तर नवा संसार थाटल्यासारखा हुरूप आला होता. तिने दाराशी चपला काढून ठेवल्या, दोरीवर गाऊन टाकला, मोरीत कोरा साबण ठेवला. गादी घालून उशीला मुठीने खळगा पाडला.

"एकटीच आहे बिचारी," ती म्हणाली. "कमी बोलते. केस लांब आहेत."

"कुंडलीही मांड तिची," थोरली हसली. तेवढ्यात दिवा गेला. थोरली नवा बल्ब आणायला खाली उतरली.

अंधारात धाकटी एकटी उरली. खिडकीतून रस्त्याचा थोडा उजेड येत होता. बंद घराचा कुबट वास आता कमी झाला होता, त्याच्या जागी कोमट तेलाचा वास होता, नुकत्याच विंचरलेल्या केसांना येतो तसा. दोरीवरचा गाऊन सरकवायला तिने हात लावला, तर तो दमट लागला. मोरीत साबणाला फेस आला होता.

तिला हसूच आलं. ताईंनी आपल्यावरही कडी केली.

"ताई," जिन्यात पावलं वाजताच तिने विचारलं, "साबण तुम्ही ओला केलात ना? झकास सुचलं."

"मी कशाला करू?" थोरलीचा आवाज खालच्या वळणावरून आला. "पाणी कुठंय? टाकी कोरडी आहे."

धाकटी हळूच गादीशी वाकली. उशीतला खळगा तिने मधोमध पाडला होता. आता तो भिंतीच्या बाजूला होता. तिने तळहात ठेवला... उशी उबदार होती.

आणि मोरीत कोणीतरी तांब्या खाली ठेवला. अगदी हलकेच... पाहुण्यांना त्रास नको म्हणून ठेवावा तसा.

त्यांनी तांब्या आणलाच नव्हता.

ती धावत बाहेर आली आणि जिन्यात थोरलीला धडकली. दोघींच्या पाठीमागे दार लोटलं गेलं. मग आतून कडी सरकली.

थोरलीने किल्ली लावून पाहिली. कुलूप फिरलं, दार हललं नाही.

"उद्या तो माणूस आला तर..." थोरली पुटपुटली. "दार उघडलं नाही तर सगळंच बुडालं गं."

धाकटी बंद दाराकडे बघत राहिली. तिला वाटत होती ती नुसती भीती नव्हती. आपण सांगितलं तशीच होती ती. एकटी. कमी बोलणारी.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी पोचल्या तेव्हा विमा कंपनीचा माणूस घर बघून जिना उतरत होता. घरात माणूस राहतोय, विमा चालू राहील, असं त्याने सांगितलं. भाडेकरू बाईंची एकच तक्रार आहे, मालकिणी न विचारता आत येतात, तेवढं सांभाळा म्हणाला, आणि निघून गेला.