दाबून धरलेलं बटण

दादाचं तेरावं आटोपलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मी झांशीच्या यार्डात कामावर गेलो. ऑफिसातून वॉकीटॉकी घेतला, सही केली. लू, ती भाजून काढणारी उन्हाळी हवा, सुटली होती. तापलेल्या खडीचा, वंगणाचा वास नाकात बसत होता.

आमच्या सगळ्यांच्या वॉकीटॉकींना वाट एकच. एकानं बटण दाबलं की बाकीच्यांनी गप्प बसायचं. दुसरा कितीही ओरडला तरी त्याचं पोचत नाही.

दादा, माझा मार्तंडदादा, डबे जोडायचा. इंजिन डबा ढकलत आणायचं आणि दादा वॉकीटॉकीवरून ड्रायव्हरला थांबवायचा. वेळ वाचवायला डबे टेकायच्या आतच तो मध्ये शिरायचा. तो गेला त्या दिवशी तिथूनच, साऱ्या यार्डाला ऐकवत मला म्हणाला, "बोलून झालं की बटण सोड, गाढवा! उगाच नाही पाचवीत तीनदा बसलास." त्याच्याच जोडीला डबे जोडणारे विठोबाकाका खदाखदा हसले.

माझं डोकं फिरलं. मी बटण दाबलं आणि धरून ठेवलं. बोललो काहीच नाही. घे, म्हटलं मनात, बोल आता.

सोडलं तेव्हा दादा दोन डब्यांमध्ये उभाच होता. पडायला जागा नव्हती.

ड्रायव्हर रडत होता. "मुझे कुछ सुनाई ही नहीं दिया, भैया." सगळे म्हणाले, यंत्र बिघडलं असेल. मीही मान डोलावली.

तर तेराव्यानंतरची ती दुपार. विठोबाकाका डब्यांमध्ये शिरले. डबा त्यांच्या अंगावर येताना मला दिसला. मी बटण दाबून ओरडलो, "रोको!" आवाज कुठंच गेला नाही. वॉकीटॉकीतून फक्त शांतता येत होती... जाड, दाबून धरलेली. माझ्या ओळखीची. मी हातातलं यंत्र फेकून लाल झेंडी घेऊन धावलो. काका जगले. उजवा हात गेला.

ड्रायव्हर तेच म्हणाला. "कुछ सुनाई ही नहीं दिया."

काल जानकीवहिनीला पत्र आलं. दादाच्या जागी तिची नेमणूक. यार्डात, सोमवारपासून. खंडेराव गेटजवळच्या आमच्या खोलीत ती फॉर्म पुढ्यात घेऊन बसली होती.

"भावजी, तिथं काम करणारे तुम्ही. जाऊ ना मी?"

"नको."

"का? मग खायचं काय? कारण सांगा एक."

म्हणून सांगितलं. सगळं. बटण, राग, दादाचं ते बोलणं, तो किती वेळ ओरडला असेल ते. तिचे पाय धरले. मला पोलिसात दे म्हटलं, पण तू जाऊ नकोस. सांगता सांगता घसा फाटला.

मान वर केली. ती माझ्याकडेच बघत होती, अजून वाट बघत असल्यासारखी.

"बोला ना, भावजी..." ती हळूच म्हणाली. "कधीची विचारतेय. नुसते ओठ काय हलवताय?"

मी पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागलो. तिनं डोळे पुसले.

"बरं. नाही ना हरकत?"

आणि सही केली.