टोपी काढून या

“ती माझी खुर्ची आहे,” तिनं दारातूनच सुनावलं.

टोपी भुवयांपर्यंत ओढून बसलेला तो ताडकन उठला. पोहायला शिकवणारा मास्तर. वर्षानुवर्षं उन्हात उभं राहून कपाळावर खरखरीत डाग उठलेले. वेळीच घालवले नाहीत तर पुढे कॅन्सरची भीती, म्हणून डॉक्टरांनी मलम दिलेलं. आणि ती त्याच दवाखान्यातली सिस्टर. उपचारानं पेशंट कितपत खूश आहेत, हे विचारायचं काम तिच्याकडे.

“मलम सुरू केलंत ना? समाधानी आहात?”

“तुम्ही विचारताय म्हटल्यावर... आहेच!”

“मी तुम्हाला नाही, तुमच्या कपाळाला विचारतेय.”

तो हसला. काय हसला मेला! गालाला खळी पडली... तिनं घाईघाईनं खिडकीकडे बघितलं.

पुढच्या खेपेला ती सकाळपासून दारावर डोळे लावून होती. तो आला तो टोपीशिवाय. कपाळावर ना लाली, ना खपली; शर्टाला कडक इस्त्री. ती त्याचं कपाळ निरखू लागली. हे मलम आधी कातडी लाल करतं, खपल्या आणतं, मगच डाग जातात. इतक्या दिवसांत लालीही नाही म्हणजे—

“मलम बंद केलंत?”

“तोंड लालभडक झालं होतं हो,” तो चाचरला. “तुम्हाला चहाला विचारायचं होतं... असं थोबाड घेऊन कसं विचारणार?”

तिला आनंद झाला आणि रागही आला. राग जरा जास्तच.

“शहाणेच आहात! डाग तसेच आहेत. आत्ताच्या आत्ता डॉक्टरांना सांगा आणि परत सुरू करा. खपल्या धरल्या की या, मग विचारा.”

“आणि तुम्ही नाही म्हणालात तर?”

“तर डाग तरी जातील!”

तो पुन्हा आला तेव्हा बाकावरची माणसं वळून वळून बघत होती. कपाळ लालबुंद, जागोजाग खपल्या, टोपी हातात.

“झालं समाधान?” या वेळी त्यानंच विचारलं.

तिला तो इतका देखणा कधीच वाटला नव्हता. ती शेजारच्या टेबलावरच्या सिस्टरकडे वळली. “ताई, आजपासून यांना प्रश्न तुम्ही विचारायचे.”

त्याचा चेहरा पडला. “का? माझं काही चुकलं?”

“मी माझ्या पेशंटबरोबर चहाला जात नाही.” तिनं पर्स खांद्याला अडकवली. “आता तुम्ही ताईंचे पेशंट. चला... आणि टोपी घाला आधी, बाहेर ऊन आहे.”