कोरा पुठ्ठा

सोलांजला काही वाया गेलेलं खपत नसे. तीस वर्षं ती हँडल फिरवून वाजवायच्या बाजांसाठी लांबलचक पुठ्ठ्यांना भोकं पाडत आली होती. पुठ्ठा बाजातून सरकला की भोकाभोकातून सूर निघत. लेकीच्या, माएलच्या लग्नासाठी तिने खास पुठ्ठा केला होता. गाणं माएलच्या सासरच्या गावचं, रोझाली धोबिणीचं.

साऱ्या फ्रान्सला ते तोंडपाठ. पोरी त्यावर दोरीच्या उड्या मारतात, साबणाच्या जाहिरातीत ते वाजतं. रोझालीला नवऱ्याने याच गावात, लग्नाच्या जेवणावर भोसकलं होतं. पण चाल इतकी लाघवी की शब्दांकडे लक्ष जातंय कुणाचं!

गावाची रीत मात्र वेगळी. पाहुणे सुऱ्यांच्या मुठी टेबलावर आपटून ताल धरत. पाच कडवी झाली की पुढे हातभर पुठ्ठा कोरा. हँडल फिरत राही, बाजा गप्प, आणि सगळे सुऱ्या ठेवून हात मांडीवर घेत. मग टाळ्या, मग मिराबेल प्लमचा गोड टार्ट.

तो हातभर कोरा पुठ्ठा सोलांजने कापून टाकला होता.

भर दुपारी लिंडनच्या झाडांखाली पंगत बसली. नवऱ्यामुलाचा बाप गास्ताँ हँडलपाशी उभा राहिला.

"विहीणबाई, पुठ्ठा हलका लागतोय."

"रिकामं ओझं कशाला वाहायचं, व्याहीबुवा? कापला."

तो सवयीने हसला आणि हसताहसताच थांबला. "कापला? अहो, तेवढ्या शांततेत ती निघून जाते."

"कोण?"

पण टेबलांवर मुठी आपटायला लागल्या होत्या. "गास्ताँकाका, चालवा की! नवरी म्हातारी होईल!"

"पाचवं संपलं की हात काढतो," गास्ताँ पुटपुटला.

पाचवं संपलं. पुठ्ठ्याचं शेवटचं टोक खालच्या खोक्यात पडलं. गास्ताँने उजवा हात डाव्या हाताने ओढून पाहिला. तो सुटेना. हँडल फिरत होतं.

रिकामा बाजा वाजत होता.

दोनशे माणसं सहावं कडवं म्हणू लागली, एकही शब्द न चुकता. सुऱ्यांची पाती आता खाली होती. एका मावशीने शेजाऱ्याच्या दंडात सुरी खुपसली. तो गातच राहिला. मेजपोशांवर दारू कुठली आणि रक्त कुठलं, कळेना.

नवरामुलगा बास्तियाँ रडत होता. रडतरडत त्याने माएलचे केस मुठीत धरले आणि सुरी उगारली.

सोलांज टेबलावरून झेपावली. पातं तिच्या पंजातून आरपार गेलं. बाहेर आलं. तालावर पुन्हा गेलं.

तिने सुरी हिसकावली, बाजाकडे धावली आणि त्याचा हवा भरणारा भाता टराटरा फाडला.

सगळं थांबलं. कुणीतरी कण्हत होतं. बास्तियाँ स्वतःच्या हातांकडे बघत बसला होता.

माएल जिवंत होती. सुरी टाकून सोलांजने लेकीला कवटाळलं. "लागलं का गं कुठे?"

माएलने नाही म्हणून मान हलवली. वाकून सुरी उचलली, रुमालाने नीट पुसली आणि आईच्या धड हातात दिली.

"शेवटची ओळ आईची असते," ती हनुवटी वर करून गळा पुढे करत म्हणाली. "म्हण ना."

सोलांजने ती ओळ आयुष्यात कधी ऐकली नव्हती. तिने श्वास भरून घेतला आणि अचूक सुरात उचलली.