चौकटीचं चौथं लाकूड

माझ्या सागवानावर कुणी टरबुजासारखी टिचकी मारून पाहिली की माझं डोकं फिरतं. त्या दुपारी तो नेमकं तेच करत होता... एकेका तुळईला कान लावून! मलकापुरात आमची जुन्या लाकडाची वखार आहे. बाबांचे गुडघे गेल्यापासून ती मीच चालवते, त्यामुळे गिऱ्हाईकाला झापायचा हक्कही माझाच.

“वाजवून काय पाहता? गोड निघन का ते?” मी म्हटलं.

तो हसला. मला आणखी राग आला.

नाव प्रसेनजित, गाव पिंपळगाव राजा, नोकरी न्यूझीलंडमध्ये. तिथे तो स्वतःच्या हातांनी घर बांधत होता आणि त्यासाठी त्याला आपल्याकडच्या पाडलेल्या घरांचं सागवान हवं होतं. नव्या लाकडाला घराचा वास येत नाही म्हणे.

मग तो रोजच यायला लागला. आम्ही समोरासमोर बसून गंजके खिळे उपसायचो आणि भांडायचो. खिळ्यांची भोकं बुजवून देते म्हटलं, तर नको म्हणाला. तिकडचे लोक म्हणतील, मलकापूरच्या बाईनं फसवलं, असं मी सुनावलं. तर म्हणे, ती बाई त्यांनी पाहिली कुठे आहे... पाहिली असती तर फसायला तेही आले असते. मी पकड उचलली ती खिळ्यासाठी की त्याच्यासाठी, मलाच कळेना.

दाराची एक चौकट मी कुणालाच देत नव्हते. माझं घर कधीतरी होईल, त्यासाठी ठेवली होती. ती त्याला दिली. का दिली, ते विचारू नका.

शेवटच्या दिवशी ट्रक भरला. आता मुंबईचं बंदर, मग जहाज. वळून पाहते तर उंबरा भिंतीलाच टेकलेला! चौकटीची तीन लाकडं ट्रकात आणि चौथं इथे.

“हे काऊन राह्यलं?”

“राहू द्या. तिकडं दाराले उंबरा नसते.”

माझ्या मस्तकात तिडीक गेली. “चार लाकडं असतात म्हणून तिले चौकट म्हणतात. मोडायचीच होती तर मागितली काऊन?”

ड्रायव्हरने हॉर्न दिला. प्रसेनजितने नजर वर केली नाही.

“मुद्दाम ठेवला... वापस यायले काही तरी कारण पाहिजे ना.”

“एका लाकडासाठी वापस येशील? अन् मी? मी काही कारण नाही का?”

बोलले आणि जीभ चावली. ‘तुम्ही’चा ‘तू’ कधी झाला, तेही कळलं नाही. पण खरं तेच होतं. तो गेला की ही वखार मला खायला उठणार होती.

“तूच तर कारण आहे, मंजुश्री,” तो हळूच म्हणाला. “विचाराले भेव वाटे. तू लय चिडतं.”

“चिडीन नाही तर काय? विचार आता.”

“येशील...? आपल्या घरी?”

आणि उत्तराची वाट न पाहता तो उंबरा उचलून ट्रकात टाकायला वाकला. मी त्याचा हात धरला — घट्ट.

“हा इथंच राहू दे. मी येईन तवा मीच आणीन. तोपर्यंत तुह्या त्या तीन लाकडाले चौकट म्हणू नको.”

ट्रक गेला, ड्रायव्हरशेजारी बसून तोही गेला. डोळे भरून आले, त्याचाही मला रागच आला. संध्याकाळी बाबांनी विचारलं, हा उंबरा सुटाच कसा राहिला, गिऱ्हाईक आलं तर काय भाव सांगू?

“विकला म्हणा,” मी म्हटलं.