गालावरचे खळगे

अमरावतीच्या रुक्मिणीनगरात, घराच्या मागच्या खोलीत बसून ललित गेमसाठी माणसं घडवायचा. आधी स्क्रीनवरच्या मातीसारख्या गोळ्यातून डिजिटल पेनानं सुरकुती न् सुरकुती कोरायची. मग तेच माणूस मोजक्या सपाट तुकड्यांत बसवायचं, म्हणजे साध्या मोबाईलवरही गेम अडखळत नाही. उन्हाळ्यात त्याच्याकडे एका गेमसाठी कापसाच्या जिनिंग कारखान्याचा चौकीदार घडवायचं काम आलं. चेहरा कोणाचा घ्यायचा हे काही ठरवलं नव्हतं. हात चालत गेला आणि संध्याकाळी पाहतो तर समोर सुगतदादा.

सुगत त्याचा थोरला भाऊ, अकोल्याला मास्तर. बाप गेल्यावर त्यानंच ललितला शिकवलं. पण पुतणीच्या साखरपुड्यात पाहुण्यांसमोर तो हसत म्हणाला होता, "आमचा ललित बाहुल्या बनवते." ललित ताटावरून उठला, तो पुन्हा अकोल्याला गेलाच नाही. अकोला तरी कुठे लांब? सकाळी बसलं की जेवायला पोचतो माणूस.

चेहरा त्यानं तसाच ठेवला. भरदार गाल, दादाचेच.

दुसऱ्या दिवशी फाईल उघडली तर गाल किंचित बसलेले. सेव्ह करताना बिघडलं असेल, म्हणून त्यानं पेन फिरवून ते भरले. पुढच्या सकाळी पुन्हा खळगे. गळ्याच्या शिराही वर आलेल्या. त्या तर त्यानं कोरल्याच नव्हत्या. जुनी प्रत काढली, तीही तशीच. शेवटी त्यानं घाईनं सपाट तुकड्यांचं हलकं मॉडेल करून टाकलं. आता गालाला जेमतेम दोन-तीन तुकडे उरले होते, खळगा पडायला जागाच नव्हती. तरी सकाळी तिथं सावली होतीच.

त्याची बायको आकांक्षा चहा घेऊन आली आणि थबकली.

"हे सुगतदादा होय ना? बिमार हायेत काय?"

"नाही. फाईल खराब झाली."

"एक फोन करून पाहा ना."

"त्यायनं केला काय कधी मले?"

ती कप ठेवून निघून गेली. ललितनं गालावरून पेन फिरवलं, हळूहळू, पार गुळगुळीत होईपर्यंत. दुसऱ्या दिवशी सकाळी खळगे नव्हते. त्याला हायसं वाटलं.

दुपारी वहिनीचा, गीतांजलीचा, फोन आला.

"भाऊजी, तुमचे दादा गेले."

अकोल्यात अंत्यविधी आटोपल्यावर वहिनी भिंतीला टेकून बोलत राहिली. पोटाचा कॅन्सर. उन्हाळाभर अंथरुणावर.

"तुमाले कळवू म्हटलं त म्हणत, त्याच्या मनानं येऊ दे त्याले. गाल पार बसले होते. पण शेवटी शेवटी रोज म्हणत, कोणीतरी गालावरून हात फिरवून राहिलं. बरं वाटते म्हणत. मी इचारलं, कोण? त म्हणे, ललित हाय."



अमरावतीला परतल्यावर भर दुपारी तो खोलीत जाऊन बसला. आता त्याला काही भरायचं नव्हतं, पुसायचं नव्हतं. दादा जसा असेल तसा एकदा पाहायचा होता.

फाईल उघडली.

पाठ दिसली.

त्यानं मॉडेल फिरवलं. पुन्हा पाठ. वरून पाहिलं, खालून पाहिलं. पाठच.

त्यानं पेन बाजूला ठेवलं.

"दादा," तो म्हणाला, "मी आलो."

पाठमोरं डोकं, नाही म्हटल्यासारखं, हळूच डावीकडे वळलं. मग उजवीकडे. मग पुन्हा डावीकडे.